शाळा पत्र देत नसली तरी मुलाची ऑटिझमची तपासणी कशी करून घ्यायची

नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या बाजाराजवळ एक रसवंती आहे. आमचा वेदू साडेचार वर्षांचा असताना तिथल्या चाकापुढे वीस-वीस मिनिटं उभा राहायचा. चाक फिरून घुंगरं वाजली की दोन्ही हात फडफडवायचा. मी मागून पाच हाका मारल्या तरी मान वळायची नाही. चाक थांबलं की रस्त्यावरच लोळण. शाळेत सांगितलं तर बाई म्हणाल्या, "वेदूचे पप्पा, वर्गात तो शांत बसतो, काही त्रास नाही. घरी लाड जास्त होत असतील." तो शांत बसतो, कारण तो कुणाशी बोलतच नाही, हे मला त्यांना पटवता आलं नाही. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे का हे डॉक्टरांना दाखवायला पत्र मागितलं, तर "आम्ही असं लिहून देत नाही" म्हणाले. त्या पत्रासाठी खेटे घालण्यात माझे सात महिने गेले.

तपासणीला शाळेचं पत्र लागत नाही. आईवडिलांना थेट नंबर लावता येतो. मूल घराबाहेर कसं वागतं हे डॉक्टरांना कळावं लागतं, आणि ते सांगणारी माणसं शाळेबाहेरही असतात. मी आमच्या रिक्षावाल्या काकांना विचारलं. ते लगेच म्हणाले, "दादा, तो डाव्या कडेलाच बसतो. दुसरं पोरगं तिथे बसलं की ओरडतो. त्रिमूर्ती चौकातून नेलं नाही तर शाळेपर्यंत रडतो." मी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. शाळेच्या डायरीतले 'गटात भाग घेत नाही', 'लक्ष देत नाही' असे शेरे आणि प्रगतिपुस्तक यांच्या झेरॉक्स काढा. पत्र द्यायला नकार देणाऱ्यांनीच ते लिहिलेलं असतं.

आता वही. मी सातपूरला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. मशीन बंद पडलं की आम्हाला रजिस्टरमध्ये लिहावं लागतं: किती वाजता, त्याआधी काय चालू होतं, किती वेळ बंद, काय केल्यावर सुरू झालं. लेकरू म्हणजे मशीन नव्हे, पण लिहायची ही सवय हातात होती, म्हणून दोनशे पानी वहीत तेच चार रकाने आखले. एक नोंद अशी: 'मंगळवार, संध्याकाळी ६.४०. आत्याकडे कुकरची शिट्टी. कान दाबून पलंगाखाली गेला. २५ मिनिटं. पंखा लावला, त्याकडे बघत बघत बाहेर आला.' 'हट्टी आहे', 'चिडका आहे' असं लिहू नका, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा. आणि जे येतं तेही लिहा. वेदू गाड्यांचे नंबर घडाघडा वाचायचा, पण पाणी मागायचा नाही, माझा हात धरून माठावर नेऊन ठेवायचा. हे वाक्य डॉक्टरांनी मला दोनदा वाचायला लावलं. तीन आठवडे लिहिलंत तरी पुरे होतं.

सोबत दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ घ्या: खेळताना, जेवताना, नावाने हाक मारल्यावर, पाहुण्यांत. जुन्या फोनमधला पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओही शोधा. लक्षणं लहानपणापासून होती का, हे त्यांना बघायचं असतं.

आधी कान तपासून घ्या. हाकेला ओ न देण्याचं कारण ऐकू न येणं हेही असू शकतं. बेरा या ऐकण्याच्या तपासणीत डोक्याला वायरी चिकटवतात आणि मूल झोपलेलं असावं लागतं. आम्ही वेदूला पहाटे चारला उठवलं आणि तिथे पोचेपर्यंत डोळा लागू दिला नाही. ही माझ्या बायकोची युक्ती, आणि ती लागू पडली.

नंबर लावायचा तो विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे. सायकॉलॉजिस्टचा आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचारा, विचारायला लाजू नका. रक्त तपासून किंवा एमआरआय काढून ऑटिझम ठरत नाही. कुणी स्टेम सेलने बरा करतो म्हणालं, तर उठून या. खासगीचा खर्च झेपत नसेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात केस पेपर काढा आणि डीईआयसी विचारा, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी बघणारं सरकारी केंद्र. अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत आरोग्य पथक तपासणीला येतं. खासगी शाळेतल्या मुलासाठी आपल्यालाच जावं लागतं.

तपासणीच्या दिवशी जन्माचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, वही, व्हिडिओ आणि मुलाचा आवडता खाऊ न्या. झोपेच्या वेळेची अपॉइंटमेंट घेऊ नका. मूल इंग्रजी शाळेत असलं तरी घरी मराठी बोलता हे आधीच सांगा. वेदूला "व्हेअर इज द बॉल" विचारलं तर तो ढिम्म, आणि "चेंडू कुठंय" म्हटल्यावर त्याने बघितलं. तुम्हाला गरोदरपणापासूनचं सगळं विचारतील. आयएसएए ही भारतातच तयार झालेली चाचणी असेल तर ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. चांगलं दिसावं म्हणून उत्तरं मऊ करू नका. आमची आई सोबत होती, दर प्रश्नाला "तू पण उशिराच बोललास रे" म्हणायची. शेवटी तिला हात जोडून बाहेर बसवलं.

रिपोर्ट लेखीच घ्या. त्यावर चाचणीचं नाव, गुण, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. तपासणीची तारीख दूरची मिळाली तरी स्पीच थेरपी (बोलण्यासाठी) आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमण्यासाठी) तोवर सुरू करता येते, त्याला रिपोर्टची गरज नाही.

रिपोर्ट आल्यावर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा, मग सरकारी रुग्णालयात तपासून दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल, तर ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो.

शेवटी पुन्हा शाळेत जायचं, पण यावेळी तोंडी काही बोलायचं नाही. अर्जात नेमकं मागा: बसायची जागा ठरलेली असावी, बदल होणार असेल तर आदल्या दिवशी कळवावं, घंटेपासून लांबचा बाक द्यावा. रिपोर्टची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत देऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणाले, तर बाकावर बसून राहा. मी पाऊण तास बसलो होतो. पोच मिळाली, ती आता वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेली आहे.