वाळलेलं कुंपण उपटण्याआधी नखाने बघा

गावच्या गायरानात सौर प्रकल्पाभोवती लावलेलं मेंदीचं कुंपण एप्रिल-मेमध्ये पार वाळल्यासारखं दिसतं. घाईने उपटू नका! फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवी ओल दिसली तर झाड जिवंत आहे. तेवढं दिसलं की मला खरंच हायसं वाटतं. कोरडं तपकिरी निघालं तर बुंध्याजवळ बघा. बुंधाही कोरडाच असेल, तर पावसाळ्यात तिथे नवं रोप लावा. जास्वंद असेल तर खोडावर मुंग्यांची रांग दिसताच शेंडे तपासा, कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. तेवढे शेंडे छाटून जाळा. दक्षिणेकडची रांग मात्र उंच वाढू देऊ नका, हिवाळ्यात तिची सावली लांबवर पॅनेलवर पडते.