लाकडातले दोष कॅमेऱ्याने शोधताना: आधी उजेड

एमटेकच्या प्रकल्पात सागवानी फळ्यांमधल्या गाठी आणि चिरा कॅमेऱ्याने ओळखायच्या होत्या. पहिले दोन महिने मी कोणतं मॉडेल (फोटोंवरून दोष ओळखायला शिकणारा प्रोग्रॅम) घ्यावं यातच घालवले. ते उजेडावर घालवायला हवे होते, म्हणून नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

गाठ रंगावरून कळते. तिला सगळीकडून सारखा, सावली न पाडणारा उजेड लागतो. केसासारखी बारीक चीर मात्र त्याच उजेडात फोटोतून नाहीशी होते. तिच्यासाठी दिवा फळीच्या जवळजवळ सपाटीला आणून लाकडाच्या रेषांच्या आडव्या दिशेने सोडावा लागतो. मग चिरेच्या कडेला सावली पडते. आम्ही शेवटी प्रत्येक फळीचे दोन फोटो घ्यायला लागलो.

मॉडेलला शिकवायला आधी फोटोंवर दोषांच्या खुणा कराव्या लागतात; त्या करताना वखारीतल्या मिस्त्रींना जवळ बसवा. मी सगळ्या गाठींना सरसकट ‘गाठ’ असं नाव दिलं होतं. मिस्त्री म्हणाले, “ही जिवंत आहे ताई, चालेल. हिच्याभोवती काळं कडं दिसतंय ना, ती मेलेली. लाकूड वाळलं की निघून पडेल.” त्या एका वाक्यापायी सगळ्या फोटोंवर पुन्हा खुणा केल्या, आणि ते योग्यच झालं.

सागाची आणखी एक गोष्ट. ताज्या कापलेल्या फळीवर गडद, हिरवट पट्टे असतात. उजेडात राहिली की रंग एकसारखा सोनेरी होत जातो. आमचं मॉडेल त्या पट्ट्यांना डाग समजत होतं. दोन्ही अवस्थांचे फोटो हवेतच.

एकाच फळीच्या फोटोचे तुकडे मॉडेलच्या शिकवणीत आणि चाचणीत, दोन्हीकडे जाऊ देऊ नका. आकडे सुंदर येतात, पण खोटे. विभागणी फळीनुसार करा. फळीचा बहुतेक भाग निर्दोषच असतो, त्यामुळे एकूण अचूकतेपेक्षा किती दोष निसटले ते मोजा.

कॅमेऱ्याचं गणित सोपं आहे: 200 मिमी रुंद फळी 2048 पिक्सेलांत बसवली की एक पिक्सेल साधारण 0.1 मिमी. पण फळी सेकंदाला 1 मीटर सरकत असेल, तर लांबीतही तेवढाच बारकावा मिळवायला लाइन-स्कॅन कॅमेऱ्याला (एका वेळी फोटोची एकच ओळ टिपणारा कॅमेरा) सेकंदाला 10,000 ओळी टिपाव्या लागतात.

जीपीयू (मोठी मॉडेल वेगाने चालवणारी ग्राफिक्स चिप) नसेल तर फिनलंडच्या औलू विद्यापीठात 1990च्या दशकात विकसित झालेली ‘लोकल बायनरी पॅटर्न’ ही, प्रत्येक पिक्सेलची शेजारच्या पिक्सेलांशी तुलना करून पोत ओळखणारी पद्धत करून पाहा. साध्या लॅपटॉपवर चालते. आणि पाइनवर काम असेल तर लेसरचा ठिपका टाकून बघाच. निर्दोष लाकडावर तो रेषांच्या दिशेने लांबट पसरतो, गाठीवर आला की गोल होतो.