पिकअपचा हौदा: उघड्या पत्र्यावर प्रायमर आणि कोटिंग

हौद्यातला जुना रंग पापुद्र्यांनी सुटत होता, म्हणून ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून सगळा पत्रा उघडा केला. कोपऱ्यांत आणि पन्हळींमध्ये डिस्क पोचत नाही. तिथे वायर ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर. पत्रा अगदी गुळगुळीत करू नका, प्रायमरला धरायला ओरखडे हवेतच.

खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक अॅसिडवालं द्रावण लावून धुतलं आणि पूर्ण सुकवलं. मग ग्रीस काढणारं द्रावण: एका फडक्याने ओलं, लगेच दुसऱ्या कोरड्याने पुसणं. यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवायचं नाही. दमट हवेत उघडा पत्रा काही तासांतच तांबूस पडतो, त्यामुळे प्रायमर त्याच दिवशी.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सीच घेतला. साधा एक डब्याचा प्रायमर अनेकदा ओलावा झिरपू देतो, मग कोटिंगच्या आड गंज निवांत वाढतो. दोन हात दिले, सांध्यांत सीलर भरला. पाणी निघायची भोकं आधी चिकटपट्टीने झाकली होती (ती बुजली तर सगळी मेहनत पाण्यात, अक्षरशः).

वरचं पॉलीयुरेथेन कोटिंग डब्यावर छापलेल्या रीकोटच्या (पुढचा हात देण्याच्या) मुदतीत रोलरने लावलं. मुदत टळली असती तर प्रायमर पुन्हा घासावा लागला असता. कोटिंगच्या हार्डनरमध्ये (ते कडक होण्यासाठी मिसळायच्या भागात) आयसोसायनेट हे श्वासातून घातक ठरणारं रसायन असतं. कापडी मास्क कुचकामी, योग्य रेस्पिरेटर आणि मोकळी हवा हवी. हात लावून कोरडं वाटलं तरी जड माल बरेच दिवस टाकला नाही.