कूलर उतरला की शिंका

एप्रिलमध्ये नागपुरात पारा ४२ च्या वर गेला, माळ्यावरून कूलर उतरवला आणि माझ्या शिंका सुरू झाल्या. सकाळी उठल्याबरोबर सलग दहा-बारा. नाक गळतंय, डोळे खाजताहेत, ताप मात्र नाही. आई म्हणे, "सर्दीच आहे, हळदीचं दूध घे." पंधरा दिवस घेतलं. दूध छान होतं, शिंका तशाच.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "कूलरच्या ताट्या कधी बदलल्या?" दोन उन्हाळे झाले होते! जुन्या ओल्या गवतात बुरशी धरते, पंखा तिचे कण थेट तोंडावर फेकतो. ॲलर्जी असलेल्या नाकात मग हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, की लागल्या शिंका.

ताट्या नव्या बसवल्या, टाकी घासली. पाणी दर तीन दिवसांनी बदलतो, त्यानं डासही कमी झाले. उशीच्या खोळी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात. सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळीनं ऑफिसात पेंग यायची, म्हणून डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे दिला. त्याचा गुण लगेच येत नाही. मी दोन दिवसांत वैतागून सोडणारच होतो. आठवड्यानं फरक कळला.

आता शिंकतो, पण घर झाडतानाच.