गोळी, नळी, पंप की सुई: घरच्या रुग्णाला औषध देताना

हॉस्पिटल कळव्याचं असो की नेरूळचं, डिस्चार्ज कार्डावरचं 'किती' आणि 'केव्हा' घरचे नीट वाचतात. 'कुठून द्यायचं' हेही तितक्याच काळजीने वाचायला हवं. तोंडाने घेतलेलं औषध आतड्यातून आधी यकृतात जातं आणि काही औषधांचा मोठा भाग तिथेच निकामी होतो. शिरेतून दिलेलं मात्र सगळं थेट रक्तात पोचतं. मॉर्फिनचे शिरेतून दिलेले १० मिलिग्रॅम जे काम करतात, त्यासाठी तोंडाने साधारण ३० लागतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधाची वाट बदलू नका.

सगळ्यात जास्त घोळ रायल्स ट्यूबवर, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीवर होतो, कारण 'कुटून घाला' एवढंच सांगून रुग्ण घरी पाठवला जातो. नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर किंवा सीआर असलेली गोळी कुटायची नाही. कुटली की तिच्यातलं दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. पँटोप्राझोलसारखी खास आवरणाची गोळीही कुटू नये, आवरण गेलं की पोटातलं आम्ल ती निकामी करतं. यांना पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्या.

बाकीच्या गोळ्यांसाठी रुग्णाचं डोकं ३० ते ४५ अंश वर घ्या. नळीवरची नाकाजवळची खूण जागेवर आहे ना, ते पाहा. खूण सरकली असेल किंवा रुग्णाला खोकला, धाप लागली असेल, तर काहीही घालू नका, सिस्टरला बोलवा. खूण जागेवर असली तर आधी २० ते ३० मिली पाणी सोडा. प्रत्येक गोळी वेगळी, अगदी बारीक कुटून १० ते १५ मिली पाण्यात घाला, दोन औषधांच्या मध्ये ५ ते १० मिली पाणी, शेवटी पुन्हा २० ते ३० मिली. सगळ्या गोळ्या एकत्र किंवा फीडमध्ये (नळीतून द्यायच्या पातळ अन्नात) कालवल्या तर नळी चोंदते. चोंदलीच तर कोमट पाण्याने सिरिंज हलक्या हाताने पुढे-मागे करा, जोर लावू नका, तार तर अजिबात घालू नका. औषध देऊन झाल्यावर अर्धा तास डोकं वरच ठेवा. किडनी किंवा हृदयाच्या रुग्णाला पाणी मोजून असेल, तर हे पाणीही त्याच हिशेबात धरा.

दम्याच्या दोन साधनांची पद्धत एकमेकांच्या उलट आहे. पंप (इनहेलर) हलवून, स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावून, एकच पफ सावकाश खोल ओढायचा आणि १० सेकंद श्वास रोखायचा. रोटाकॅपचा (साधनात घालून ओढायच्या पावडरच्या कॅप्सूलचा) श्वास मात्र जोरात, झपकन ओढायचा. ती कॅप्सूल गिळायची नसते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पावडर चिकटते, म्हणून कॅप्सूल ऐनवेळी काढा आणि बाटलीचं झाकण लगेच लावा. स्टेरॉइड असेल तर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

इन्सुलिनच्या बाटलीवरचा आकडा, म्हणजे एका मिलीत किती युनिट, ते आधी वाचा. ४० असेल तर लाल टोपीची सिरिंज, १०० असेल तर केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर ते प्रत्यक्षात ५० युनिट होतं. साखर धाडकन उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. पेनच्या रिफिलमधून सिरिंजने ओढू नका, त्यात बहुतेक १०० चं असतं. पेन असेल तर आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का पाहा, ४ मिमीची सुई सरळ टोचा, बटण दाबून १० पर्यंत मोजा. बेंबीपासून दोन बोटं लांब, रोज थोडी जागा बदलून. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की गाठ होते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

छातीत दुखत असताना डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली सॉर्बिट्रेट रुग्णाला बसवून जिभेखाली ठेवा, गिळायला देऊ नका. बीपी उतरतो, उभं असेल तर माणूस कोसळतो. बीपी आधीच कमी असेल किंवा सिल्डेनाफिल (व्हायग्रासारख्या गोळ्यांतलं औषध) घेतलेलं असेल तर देऊ नका. ५ मिनिटांत आराम नाही तर १०८ ला फोन करा. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर संध्याकाळी अॅम्ब्युलन्सला किती वेळ लागेल सांगता येत नाही, म्हणून 'थोडं बघू' करत थांबू नका.

कमरेतलं इंजेक्शन आणि सलाईन सिस्टरकडूनच. सुईजवळ लाली, सूज किंवा शिरेच्या रेषेत दुखणं दिसलं तर सलाईन बंद करून लगेच त्यांना बोलवा.

डोळ्यात एका वेळी एकच थेंब. दुसरं औषध ५ मिनिटांनी. वेदना कमी करणारा पॅच (औषधाची चिकटपट्टी) कोरड्या त्वचेवर, जुना काढूनच नवा; त्यावर गरम पिशवी ठेवली तर औषध जास्त शोषलं जातं.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत, झाकण घट्ट लावून ठेवा. सोसायटीच्या ओल्या-सुक्या डब्यात टाकल्या तर त्या सफाई कामगाराच्या हाताला टोचतात.