देव न मानणाऱ्यांनी लग्न कसं करावं

नास्तिक म्हणजे देवाचं अस्तित्व न मानणारा. त्याला नात्याचं, शब्दाचं मोल नसतं, हा निव्वळ गैरसमज. महात्मा फुल्यांनी सुरू केलेल्या, भटजीशिवाय लागणाऱ्या सत्यशोधक विवाहालाही लोक नास्तिकांचं लग्न समजतात, पण फुले ‘निर्मिक’ म्हणजे जगाचा निर्माता मानत.

विधी नकोच असतील तर विशेष विवाह कायदा, १९५४ चा मार्ग धरा. तो फक्त आंतरधर्मीय जोडप्यांसाठी आहे, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. एकाच जातीधर्माच्या दोघांनाही तो चालतो आणि धर्म सोडावा लागत नाही.

दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात सलग किमान ३० दिवस राहिला असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्या. मुलाला २१, मुलीला १८ पूर्ण हवीत. ३० दिवसांत कायद्यात बसणारी हरकत आली नाही, की तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या आणि एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं तोंडाने म्हणायचं. मराठीत म्हटलं तरी चालतं. नोटिशीला तीन महिने उलटले तर सगळं पहिल्यापासून. म्हणून हॉलची तारीख नोटिशीनंतर दीड-दोन महिन्यांची धरा.

मोठा घोळ होतो तो विधी टाळून थेट महापालिकेत ‘विवाह नोंदणी’ला गेल्याने. तिथे आधी लागलेल्या लग्नाची नोंद होते. लग्न लागत नाही.