फ्लॅटमधलं मांजर कंटाळलंय? या चुका टाळा

गोव्यात पर्वरी असो, फोंडा असो की मडगाव, वन बीएचकेतलं मांजर पडदे फाडू लागलं की घरच्यांचा निष्कर्ष ठरलेला असतो: जागा कमी पडते. पण मांजर चौरस फूट मोजत नाही. त्याला दबा धरायला आडोसा, झेप घ्यायला भक्ष्य, पकडल्यावर घास आणि वरून सगळं न्याहाळायला उंच जागा हवी असते. एवढं चारशे फुटांतही बसतं. बहुतेक घरांत गाडी अडते ती शिकार अर्धवट राहते म्हणून.

लेझरचा ठिपका आणि नाकासमोर नाचणारं पीस

मांजराचा खेळ म्हणजे शिकारच, आणि तिला क्रम असतो: टेहळणी, दबा, झेप, पकड, चावा, मग खाणं, अंग चाटणं, झोप. लेझरच्या ठिपक्यात पकड कधी येतच नाही. भिंतीवर उड्या मारून मांजर दमतं, पण शांत होत नाही. काही मांजरं नंतरही सावल्या आणि कवडसे हुंगत फिरतात. लेझर वापरायचाच असेल तर ठिपका शेवटी खाऊच्या दाण्यावर नेऊन थांबवा, आणि डोळ्यांवर मारू नका.

त्यापेक्षा काठी बरी. दोन-अडीच फुटांची बांबूची काठी, तिला मीटरभर जाड सुती दोरी, टोकाला चिंधीचा बोळा. चुकतं ते काठी हलवण्यात. खेळणं मांजराच्या तोंडावर नाचवलं की ते मागे सरतं आणि लोक म्हणतात, ‘आमच्या मनीला खेळायला आवडतच नाही.’ उंदीर कधी मांजराच्या अंगावर चालून येतो का? खेळणं त्याच्यापासून लांब न्या, जमिनीलगत ठेवा, खुर्चीच्या पायामागे अर्धं लपवा आणि तिथे पाच-सात सेकंद नुसतं थरथरवा. मांजराचं ढुंगण डुलू लागलं की नेम धरला म्हणायचं. दर चार-पाच झेपांत एकदा पकडू द्या, दातांत धरू द्या, पायांनी लाथाडू द्या. शेवटची दोन मिनिटं खेळणं मंद करत न्या. ते ‘मेलं’ की लगेच जेवण वाढा.

दिवसातून दोनदा १० ते १५ मिनिटं पुरतात. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी खेळवू नका. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर खेळवा. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर खेळ तिथेच थांबवा. कुत्र्याने जीभ बाहेर काढणं नेहमीचं, मांजराचं तसं नाही. पाच-दहा मिनिटांत श्वास ताळ्यावर आला नाही तर डॉक्टर गाठा.

खेळ संपला की काठी कपाटात गेली पाहिजे. दोरा, लोकर, रबरबँड आणि गळाची तंगूस (मासे धरायचा नायलॉनचा दोरा, इथल्या पुष्कळ घरांत कोनाड्यात पडलेला असतो) मांजराच्या हाती लागू देऊ नका. त्याच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकणं कठीण, तो गिळलाच जातो. एक टोक जिभेखाली अडकलं आणि दुसरं आतड्यात उतरलं की आतडं झालरीसारखं चुण्या पडून गोळा होतं आणि दोरा त्याला कापत जातो. तोंडात किंवा गुदद्वाराशी टोक दिसलं तरी ओढू नका. तसंच दवाखान्यात न्या.

भरलेली वाटी

वाटी दिवसभर भरलेली असेल तर शिकारीला निमित्तच उरत नाही. ४ किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराला कोरडं खाद्य दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम लागतं. नेमका आकडा पाकिटावरच्या तक्त्यात पाहा. त्यातलं निम्मं खेळानंतर वाटीत द्या, उरलेलं शोधायला लावा. सुरुवात अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेने करा, दर खळग्यात दोन-तीन दाणे. ते जमलं की ६३ मिमीच्या पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घ्या, दोन्ही टोकांना टोपणं लावा आणि दाण्याच्या दुप्पट व्यासाची पाच-सहा भोकं पाडा. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासा. पहिल्याच दिवशी अवघड कोडं दिलं की मांजर हुंगून निघून जातं आणि पाइप माळ्यावर जातो, म्हणून आधी भोकं मोठी ठेवा.

पावसाळ्यात उघडं खाद्य काही तासांत सर्द होतं, म्हणून एका वेळचंच भरा. खाऊ म्हणून खारवलेली सुकी मासळी किंवा गालमो (सुकी बारीक कोळंबी) नको, मीठ फार असतं. बिनमिठाचा, काटे काढलेला उकडलेला बांगडा चमचाभर चालतो.

डगमगणारा खांब

मांजर सोफा फाडतं कारण सोफा हलत नाही. दुकानातले मखमली, दीड-दोन फुटी खांब दिसायला गोड, पण मांजर पूर्ण ताणून उभं राहतं तेव्हा ते कलंडतात, आणि एकदा कलंडलेल्या खांबाकडे बरीच मांजरं पुन्हा फिरकत नाहीत. घरी केलेला स्वस्त पडतो आणि टिकतो.

११० मिमीचा पीव्हीसी पाइप ८० सेंमी कापा. १८ मिमी प्लायच्या ४५ बाय ४५ सेंमी तुकड्यावर पाइपचं टोपण चार स्क्रूंनी पक्कं करा, पाइप त्यात घट्ट बसवा, बाजूनेही दोन छोटे स्क्रू मारा. खालचा एक तृतीयांश भाग कोरड्या वाळूने भरा. तीन-साडेतीन किलो वजन तळाशी बसतं. वाळू ओली असेल तर दमट वास सुटतो, आधी उन्हात वाळवा. वरच्या तोंडालाही टोपण लावा. आता १० मिमीची दोरी: एका वेढ्याला सुमारे ३८ सेंमी लागते आणि वेढे ८०, म्हणजे ३० मीटर, गाठींसाठी धरून ३२ घ्या. सिसल (घायपाताची दोरी) मिळाली तर उत्तम, नाहीतर नारळाच्या काथ्याची दोरी म्हापशाच्या बाजारात सहज मिळते. तिचा भुसा पडतो इतकंच. दोन्ही टोकं पाइपला भोक पाडून आत ओवा आणि गाठ मारा. दर दहा वेढ्यांनी दोरी खाली ठोकून घट्ट बसवा. सैल वेढ्यात नख अडकतं.

खांब कोपऱ्यात लपवू नका. जो सोफा फाडला जातो त्याच्या शेजारी ठेवा. सवय लागल्यावर रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्या.

चिऱ्याच्या भिंतीवर फळी

उंच जागा म्हणजे जमीन न खाणारी खोली. फळी २५ ते ३० सेंमी रुंद, दोन पायऱ्यांत ३५ ते ४० सेंमी अंतर, वर घसरू नये म्हणून काथ्याच्या चटईचा तुकडा. घोटाळा होतो भिंतीत. जुन्या घरांच्या चिऱ्यात (जांभ्या दगडात) पोकळ्या असतात, आणि ६ मिमीचा साधा प्लग गिलाव्यातच अडकून राहतो. चार किलोचं मांजर झेप घेतं तेव्हा धक्का वजनापेक्षा कितीतरी जास्त बसतो, चार दिवसांत फळी लोंबते. १० मिमी जाडीचा, ८० ते १०० मिमी लांबीचा अँकर वापरा आणि फळीखाली दोन ब्रॅकेट लावा. भाड्याच्या घरात भोकं पाडायची नसतील तर स्टूल, टेबल, कपाटाचा माथा अशी चढण लावा. माथ्यावर टोपली ठेवा, पण उतरायलाही वाट हवी.

खिडकीची जाळी

खिडकी हा मांजराचा टीव्ही. पण डासांची नायलॉन जाळी नखांपुढे टिकत नाही, आणि सरकत्या खिडकीची जाळीवाली झडप मांजर पंजाने सहज बाजूला करतं. झडपेला स्टॉपर बसवा. ग्रिलवर आतून अर्धा किंवा एक इंची स्टेनलेस वेल्डमेश (तारा जोडून केलेली जाळी) लावा. समुद्राजवळ साध्या लोखंडी जाळीला गंज फार लवकर चढतो. ‘आमचं मांजर कठड्यावरून पडत नाही’ हा भरवसा कावळा दिसेपर्यंतच.

पावसाळ्यातल्या खास चुका

पुठ्ठ्याचा खोका मांजराला प्रिय, पण जून-जुलैत त्याला बुरशी येते. दहा-पंधरा दिवसांत बदला, किंवा बांबूची टोपली आडवी ठेवा, तिला वारा लागतो. कपड्यांतल्या डांबरगोळ्या मांजराला चेंडू वाटतात आणि त्या विषारी असतात. मांजर असलेल्या घरात त्या नकोतच. पाल पकडून खाण्याची मजाही रोखा, कारण पालीतून यकृतात कृमी जातात. चवथीला माटोळीत (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मंडपीत) विषारी कळलावी बांधली असेल तर ती खोली बंद ठेवा, गळलेली फुलंपानं लगेच उचला. चावायला हिरवं हवंच असेल तर करवंटीला खाली भोक पाडा, मातीत दोन चमचे रात्रभर भिजवलेले गहू पेरा. आठ-दहा दिवसांत गवत तयार होतं.

पहाटे पोदेराच्या (पाववाल्याच्या) पोंपोंआधी ओरडणं

एकदा उठून वाटी भरलीत की मांजर शिकलं: ओरडलं की मिळतं. झोपण्याआधी खेळ आणि मग रात्रीचं मुख्य जेवण, हा क्रम ठेवा आणि पहाटेच्या ओरडण्याला अजिबात दाद देऊ नका. सुरुवातीचे काही दिवस आवाज वाढतो. नेमकं तेव्हाच लोक हार मानतात. फक्त आधी तपासा, ओरडणं नवीनच सुरू झालंय का. वयस्क मांजरात थायरॉइडमुळेही असं होतं.

सोबतीला दुसरं मांजर आणणं हा कंटाळ्यावरचा उपाय समजू नका. एका खोलीत दोन ताटं, दोन आडोसे, शी-शूसाठी माती भरलेले तीन ट्रे मांडता येत नसतील तर कंटाळ्यात भांडणाची भर पडते.

आणि प्रत्येक बिघाड कंटाळ्याचा नसतो. पोट चाटून केस उडाले, खेळातला रस अचानक गेला किंवा दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर खेळणी नंतर, तपासणी आधी. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसून कण्हतोय आणि लघवी होत नाहीये, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. सकाळची वाट न पाहता त्याच वेळी उघडा असलेला दवाखाना शोधा.